थोडं उजळू का?

प्रत्येक फोटो स्टुडिओत एक ड्रॉवर असा असतो, ज्यातले फोटो न्यायला कुणी येतच नाही. किश्श्यांचंही तसंच होतं, साठतच जातात! नौपाड्यातल्या ज्या स्टुडिओत मी कॉम्प्युटरवर बसायचे तो कधीच बंद झाला, पण माझा ड्रॉवर अजून भरलेला आहे.

मालक दत्ताकाका. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून लोकांच्या सुरकुत्या घालवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी स्कॅनर आणि कॉम्प्युटर घेतला आणि कोर्स करून डोंबिवलीहून मी कामाला लागले. फोटो स्कॅन करायचा, रंग जुळवायचे, कॉन्ट्रास्ट वाढवायचा आणि गिऱ्हाइकाला विचारायचं, "थोडं उजळू का?" स्थळांना पाठवायच्या फोटोंना तर हा प्रश्न हमखास. मी स्वतः चांगली काळीसावळी. घरी आई माझ्यासाठी स्थळं शोधून थकलेली आणि मी दिवसभर दुसऱ्यांच्या मुली गोऱ्या करत बसलेली!

* * *

पहिल्या दसऱ्याला काकांनी मशीनची साग्रसंगीत पूजा केली. झेंडू, नारळ आणि स्कॅनरचं झाकण उघडून थेट काचेवर कुंकवाचं बोट! पासपोर्ट फोटो काचेच्या कोपऱ्यात ठेवायची माझी सवय आणि बोटही नेमकं तिथेच टेकलेलं. मी नवखी. रंग बिघडलेत असं समजून लाल कमी करत सुटले. चेहरे हिरवट झाले, पण कपाळावरचा ठिपका काही जाईना.

पेन्शनच्या फॉर्मसाठी आलेल्या एका रिटायर्ड हेडमास्तरांनी आपला फोटो हातात घेतला. "अहो, मला या वयात हळदीकुंकवाला कोणी बोलावलं?"

काका जराही वरमले नाहीत. "मास्तर, मशीन परदेशी आहे, पण संस्कारी आहे!"

* * *

चेंदणी कोळीवाड्यातली एक मावशी लेकाच्या हळदीतला स्वतःचा फोटो घेऊन आली. अंगावर घरातलं सगळं सोनं. मी सवयीने विचारलं, "मावशी, चेहरा थोडा उजळू का?"

मासळीचा भाव अर्ध्यावर मागितल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली. "तोंडाला हात लावू नको गो! तोंड माजा हाय, सगल्यांना म्हायती हाय. सोना पितलेसारका दिसतंय, त्याला उजल!"

मी पिवळा वाढवला. सोनं झळकलं, पण त्याबरोबर मांडव, भिंत, पाहुणे, सगळेच पिवळे झाले. मी घाबरत स्क्रीन तिच्याकडे वळवला.

"आता कसा, हलद हाय ता दिसतंय!" मावशी खूश.

* * *

कल्याणच्या एका लग्नाच्या अल्बममध्ये नवरीचा मोरपंखी शालू माझ्या हातून निळा झाला. सासूबाई तावातावाने आल्या. "मी दिलेला शालू मोरपंखी! निळा हिच्या मावशीचा. म्हणजे माझा ही नेसलीच नाही?" मागे सून रडायच्या बेतात.

काकांनी खरा शालू मागवला. ट्यूबलाइटखाली उलगडला, तर तोही निळाच दिसायला लागला! मी सुटकेचा निःश्वास टाकला. सासूबाईंनी शालू गुंडाळला आणि सुनेला म्हणाल्या, "चल. चूक तुझीही नाही आणि यांचीही नाही. त्या साडीवाल्याकडे बघते आता!"

* * *

आईच्या हट्टाखातर मी स्वतःचाही फोटो उजळलेला. तो बघून ठाण्याची मंडळी आली. मी पोहे दिले, चहा दिला, समोर बसले. मुलाच्या आत्याने कप खाली ठेवला आणि प्रेमाने म्हणाली, "आता मोठीला बोलवा ना."

मी एकुलती एक!

सगळे गेल्यावर मी खूप रडले, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी काकांना म्हटलं, "माझा फोटो पुन्हा काढा. आणि नंतर कशालाही हात लावायचा नाही." मी थेट कॅमेऱ्यात बघितलं. काकांनी एकदाही "हनुवटी वर" म्हटलं नाही.

"असला फोटो बघून कोण येणार गं?" आईला काळजी.

* * *

पण एक स्थळ आलं. पाकिटातून मुलाचा फोटो निघाला तो दुधासारखा गोरा. आई हरखली. मी सवयीने फोटो उलटा केला, तर मागे आमच्याच स्टुडिओचा शिक्का!

कॉम्प्युटरमध्ये मूळ स्कॅन सापडला. माझ्याइतकाच काळा आणि त्या गोऱ्यापेक्षा कितीतरी देखणा. मी त्याची प्रिंट काढून पर्समध्ये ठेवली. आत्याबाईंचा वचपा काढायची संधी सोडते की काय!

रविवारी मंडळी आली. आम्हा दोघांना बोलायला गॅलरीत पाठवलं. मी त्यांच्याकडून आलेला गोरा फोटो पुढे केला आणि विचारलं, "आता यांना बोलवता का?"

तो हसला नाही. "त्या दिवशी स्टुडिओत तुम्ही मान वर न करता विचारलेलं, थोडं उजळू का? मी नको म्हटलेलं. दोनदा. पण तुमचा हात आधीच चाललेला. आईला तोच आवडला, तिने तोच सगळीकडे वाटला."

माझ्या पर्समधली प्रिंट पर्समध्येच राहिली.

त्याने खिशातून माझा फोटो काढला, न उजळलेला. एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"यात मान वर केलीयेत, तरी लगेच ओळखलं. म्हटलं, तक्रार घरी जाऊनच करावी!"