गौतमच्या वजनाची सायकल

मरोळच्या शेडमध्ये मी दहा वर्षं पाइप जोडले. कामं विसरलो, किस्से मात्र कपड्यांतल्या लोखंडाच्या किसासारखे अजून कुठून कुठून निघतात. त्यातले निम्मे गौतमचे!

गौतम आमचा प्रेस मशीनवाला. वजन एकशे दहा किलो आणि नाद सायकल रेसचा! चारकोपहून रोज सायकलनेच यायचा. चढावर उभं राहून पायडल मारलं की फ्रेम डावीउजवीकडे वाकायची आणि चेन कव्हरला घासायची. खर्रर्र, खर्रर्र!

"अरे, घंटी तरी लाव," मी म्हटलं.

"कशाला? लोक आधीच बाजूला होतात!"

* * *

हसायचा, पण आदल्या वर्षी रेसमध्ये घोडबंदरच्या उतारावर त्याचं हँडल असं थरथरलं, की बिचारा चालत खाली आला. तेव्हापासून त्याला चैन नव्हती. चहाची सुट्टी झाली की माझ्या टेबलापाशी हजर. "फ्रेम बनव ना यार!"

मी फुशारकीत नेहमीच्याच मापाचे, पण जाड पत्र्याचे पाइप जोडले. गौतम एक चक्कर मारून आला, तोंड पाडून.

"झुलतेय अजून. वर जड झाली ती वेगळीच."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्यासारखी झाली, दुसरं काय!"

* * *

आमचे सावंत मिस्त्री मालवणचे. त्यांनी दोन पाइप व्हाइसमध्ये आडवे आवळले. एक बारीक, पण जाड पत्र्याचा. दुसरा पातळ पत्र्याचा, पण घेराने मोठा.

"लोंबकळ रे!"

गौतम पहिल्याला लोंबकळला, पाइप खाली झुकला. दुसऱ्याला लोंबकळला, तो जेमतेम हलला.

"बघलंस? जाडी नको, घेर व्हयो!"

तेवढ्यात शेठ आत आले. लोंबकळणारा गौतम बघून जागीच थबकले.

"आधी खाली उतर! मागण्या काय आहेत तुमच्या?"

* * *

शेठचा भाचा पार्ल्याला कॉलेजात. तो म्हणाला, "फॉरेनचं स्टील आणा. आपोआप ताठ राहील."

"पोलाद भारी असला तर मोडतला उशिरान," मिस्त्री म्हणाले. "वाकूक सगळे सारखेच!"

"पण पुस्तकात तर..."

"पुस्तकार एकशे धा किलोचो माणूस बसवन बघलंस?"

* * *

शेवटी मोठ्या घेराचे पाइप घेतले. बाजारातले तयार सांधे बसेनात, म्हणून पाइपला पाइप भिडवून सांध्यावर पितळ वितळवून थेट जोडले. आणि माझी झोप उडाली. उतारावर जोड सुटला तर?

रेसच्या रविवारी मी बोरिवलीला शेवटच्या रेषेजवळ नुसता येरझारा घालत होतो. गौतमच्या बायकोने विचारलं, "भावजी, जोड पक्के आहेत ना?"

"एकदम!" म्हटलं, आणि पुन्हा येरझारा सुरू केल्या.

दहा जण आले. वीस आले. गौतम नाही!

मग वळणावर तो दिसला. समोर दांडीवर एक काडीपैलवान स्पर्धक बसलेला, गुडघ्याला रुमाल बांधलेला. उतारावर पडला होता. त्याची सायकल टपरीवर ठेवून गौतमने त्यालाच उचलून आणलं होतं!

"फ्रेम?" मी ओरडलो.

"दोघं बसलोय, तरी हलत नाही!"

दोघं एकदमच रेषेवरून आले. पंच वही उघडून गोंधळून उभे.

"अहो, पण दोघांत आधी आलं कोण?"

गौतमने धापा टाकत दांडीकडे बोट दाखवलं.

"पुढे बसलाय ना, तो!"