दातांनी ऐकणारे चाचा

चाचा ॲम्प्लिफायर दातांनी ऐकायचे. मी हे गमतीनं सांगत नाही. शाळेत असते तसली एक लाकडी फूटपट्टी त्यांच्याकडे होती. तिचं एक टोक यंत्रावर टेकवायचं, दुसरं दातांत घट्ट धरायचं, डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचं एक बोट वर करायचं. बोट वर असेपर्यंत दुकानात कुणी बोलायचं नाही. मग बोट खाली यायचं, पट्टी तोंडातून निघायची आणि चाचा म्हणायचे, "बोलला."

काय बोलला ते मात्र लगेच सांगायचे नाहीत.

मी शाळेत शिकवते. पट्टी चावणाऱ्या पोरांना दटावण्यात माझी सव्वीस वर्षं गेली आहेत. त्यामुळे पहिल्या दिवशी चाचांना त्या अवस्थेत पाहिलं तेव्हा "काढ ती तोंडातून" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. सत्तरीच्या पांढऱ्या दाढीवाल्या माणसाला असं म्हणता येत नाही म्हणून मी गप्प राहिले. त्या पट्टीवरच्या पहिल्या दोन इंचांचे आकडे चाचांनी चावून चावून साफ खाल्ले होते. वायर मोजायची झाली की ते तिनापासून मोजायला सुरुवात करायचे आणि मनातल्या मनात वजाबाकी करायचे. पण वायर कधी कमी पडल्याचं मी पाहिलं नाही.

दुकान भिवंडीत, नारपोलीतल्या लूमच्या, म्हणजे कापडाच्या यंत्रमागांच्या गल्लीत होतं. एक माणूस आत आला की दुसऱ्यानं बाहेर पडायचं, इतकंच रुंद. भिंतीवर जुन्या रेडिओंचे सांगाडे टांगलेले असायचे. चाचा मूळचे रेडिओवाले नव्हेत. पस्तीस वर्षं ते लूम दुरुस्त करणारे फिटर होते, आणि त्यांचे कान तिथेच गेले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "कान मालकाकडं जमा हायत." चाळीस लूम एकदम खटखटत असताना कुठल्या लूमचं बेअरिंग गेलंय हे कानाला कळणं अशक्यच. म्हणून लाकूड टेकवून दातांनी ऐकायची युक्ती त्यांनी तिथे शिकून घेतली. लूम सुटले, युक्ती राहिली.

आमच्या नानांचा ॲम्प्लिफायर घेऊन मी त्यांच्याकडे गेले होते. नाना म्हणजे माझे वडील. सरकारी कचेरीत कारकून होते, आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. तरुणपणी हौसेनं घेतलेला तो ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर आणि दीडशे तबकड्या कित्येक वर्षं माळ्यावर पडून होत्या. मागच्या वर्षी एके दिवशी नानांनी सगळं खाली काढायला लावलं. सुताराला बोलावून बैठकीच्या भिंतीत खास फळी ठोकून घेतली. त्यामागचं कारण फक्त मला ठाऊक होतं. नानांचा डावा कान गेला होता आणि डॉक्टर म्हणाले होते की कानातली हाडं आखडत चालली आहेत, उजवाही जाईल, वर्षभरात किंवा आधीही. या वयात ऑपरेशन नको म्हणाले. कानाचं मशीन आणलं होतं, पण त्यातून गाणं पत्र्याच्या डब्यात कोंबल्यासारखं येतं म्हणून नानांनी ते कपाटात ठेवून दिलं. कान आहे तोवर सगळ्या तबकड्या एकदा ऐकून घ्यायच्या, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. आणि ही गोष्ट बाहेर कुणालाही सांगायची नाही अशी मला ताकीद होती.

मी चाचांना यंत्राची तक्रार सांगू लागले. उजवा स्पीकर बंद आहे, आवाजाचं बटण फिरवलं की खरखर होते. त्यांनी हात वर केला.

"बाई, मशीनला काय झालंय ते मशीन सांगंल. तुम्ही नका सांगू."

"किती दिवस लागतील?"

"घाई हाय काय? घाई असंल तर नवा घ्या."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. मिक्सरवाल्या बायकांपासून लग्नाच्या लाऊडस्पीकरवाल्यांपर्यंत सगळ्यांना ते हेच ऐकवायचे, आणि लोक मुकाट वस्तू ठेवून जायचे. फोनवर तर एवढंही मिळायचं नाही. पलीकडचं ऐकू येत नसल्यामुळे चाचा फोन उचलून "शुक्रवारी या" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. मी एकदा चुकीचा नंबर लागलेल्या कुणालातरी शुक्रवारी बोलावताना त्यांना ऐकलं आहे. तो माणूस आलाही असेल.

शुक्रवारच का, ते भिवंडीकरांना सांगायला नको. इतरांसाठी सांगते. आमच्याकडे लूम शुक्रवारी बंद असतात. दुपारची नमाज झाली की चाचा दुकान उघडायचे आणि आठवड्याची सगळी यंत्रं त्या शांततेत तपासून घ्यायचे.

पहिल्या शुक्रवारी मी गेले तेव्हा त्यांनी आधी एका बशीत काढून ठेवलेला ऐवज दाखवला. पालीच्या अंड्यांची टरफलं, दोन झुरळं आणि एक हेअरपिन. हेअरपिन हातात देत म्हणाले, "ही तुमची. चाळीस वर्सं करंट खातेय." ती माझ्या बहिणीची होती असं मी ठामपणे सांगितलं. बहीण नाशिकला असते, त्यामुळे वाद झाला नाही. म्हातारे झालेले कंडेन्सर बदलले होते, तुटलेला जोड डाग देऊन पक्का केला होता, बटणाची खरखर गेली होती. दोन्ही बाजू स्वच्छ वाजत होत्या. चाचांनी माझ्यासमोर पट्टी लावली, बोट वर केलं आणि बराच वेळ खाली घेतलंच नाही. "गप हाय," ते म्हणाले. यंत्राबद्दल यापेक्षा मोठी स्तुती त्यांच्याकडे नव्हती.

त्या संध्याकाळी नानांनी खुर्ची स्पीकरला लावली, उजवा कान जाळीवर टेकवला आणि सलग चार तबकड्या ऐकल्या. मधेच एकदा माझ्याकडे बघून हसले. किती दिवसांनी हसले होते.

शनिवारी सकाळी पाचवी तबकडी लावली आणि नाना म्हणाले, "घूं येतोय."

खरंच येत होता. गाण्याच्या खाली एक जाडसर, न थांबणारा घूं. मी ॲम्प्लिफायर परत चाचांकडे नेला. चाचांनी ट्रान्सफॉर्मर उतरवून पुन्हा बसवला, उरलेसुरले कंडेन्सरही बदलले. शुक्रवारी पट्टी लावली. गप. घरी आणला, शुक्रवारी संध्याकाळी गाणं मोत्यासारखं. शनिवारी घूं.

चाचा चिडले, पण माझ्यावर नाही. "बाई, हा माझ्याशी एक बोलतो, तुमच्याशी दुसरं बोलतो," म्हणाले. यंत्रानं खोटं बोलावं हे त्यांना फार लागलं होतं. त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही.

नानांनी मात्र त्या शनिवारी प्लेअर बंद केला आणि तबकडी पाकिटात घालता घालता म्हणाले, "राहू दे आता. तो घूं माझ्या कानातलाच असेल." मी म्हटलं, मलाही ऐकू येतो. त्यांनी मान हलवली. मी समजूत घालतेय असं त्यांना वाटत होतं. पुढे दोन दिवस त्यांनी प्लेअरला हात लावला नाही, आणि मला फार वाईट वाटलं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी तशीच चाचांकडे गेले आणि ओरडूनच म्हटलं, कारण त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागायचं, "चाचा, घाई आहे."

"तर नवा घ्या."

"कान नवे मिळत नाहीत."

मग नानांची ताकीद मोडून मी सगळं सांगितलं. शेजारचा चहावाला, दोन गिऱ्हाइकं आणि रिक्षावाला यांनाही ते आपोआप कळलं. चाचांनी हातातली डाग द्यायची सळई खाली ठेवली. पट्टी खिशात खोचली, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि म्हणाले, "चला." हा माणूस गिऱ्हाइकाच्या घरी कधी जात नसे.

नाना दारात त्यांना बघून गोंधळले. दोन कमी ऐकणाऱ्या माणसांनी एकमेकांची तब्येत विचारली आणि न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. नानांनी तबकडी लावली. घूं सुरू झाला. चाचांनी पट्टी ॲम्प्लिफायरला लावली आणि बोट वर केलं. गप. मग स्पीकरला लावली. मग फळीवर ठेवलेल्या प्लेअरला. तिथे त्यांच्या भुवया वर गेल्या. मग पट्टी सरळ भिंतीला टेकवली, आणि भिंत चावायला निघाल्यासारखे ते तिथे कितीतरी वेळ उभे होते. शेवटी बोट खाली आलं.

"बोलला. तिसऱ्या लायनीतला शेवटचा लूम. बेअरिंग गेलंय त्याचं."

आता कबूल करायला लाज वाटते. आमच्या बैठकीची ती भिंत आणि पलीकडच्या लूमच्या शेडची भिंत एकच आहे. शनिवार ते गुरुवार तिच्यापलीकडे लूम चालतात. भिंतीची थरथर फळीत, फळीची प्लेअरमध्ये, तिथून सुईत आणि सुईतून स्पीकरमध्ये. शुक्रवारी सगळं बंद, म्हणून गाणं स्वच्छ. एवढी साधी गोष्ट शिकलेल्या मला, हिशेबी नानांना आणि लूममध्ये जन्म घालवलेल्या चाचांना इतके दिवस सुचली नाही. तुम्ही भिवंडीत राहत असाल तर हसणार नाही. आम्ही लूमचा आवाज आवाजात धरतच नाही.

म्हणजे दोष नानांनी हौसेनं ठोकून घेतलेल्या फळीचा होता. नाना ओशाळून फळीकडे बघत राहिले. चाचांनी फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "फळी चांगली हाय, नाना. भिंत खराब हाय."

मग ते पलीकडच्या शेडमध्ये गेले. आधी फिटरला बेअरिंगवरून झापून आले आणि येताना लूमच्या पायाखाली घालतात त्या जाड रबराचे चार तुकडे घेऊन आले. प्लेअर समोरच्या भिंतीशी मेजावर ठेवला, मेजाच्या पायांखाली रबर सरकवलं. नानांनी कान जाळीला लावला. लूम चालू होते, आणि गाण्याच्या खाली काहीच नव्हतं. नाना हळूच म्हणाले, "कानात नव्हता तो." चाचांना ते ऐकू गेलं नसावं. पण ते नानांच्या तोंडाकडे बघत होते, त्यांना कळलं.

त्यानंतर चाचा दर शुक्रवारी संध्याकाळी यायला लागले. नाना कान जाळीला लावून बसायचे, चाचा पट्टी स्पीकरच्या लाकडी खोक्याला लावून. माझी चहाची हाक दोघांनाही ऐकू जायची नाही. एकदा चाचांनी पट्टी कुडत्याला पुसून नानांपुढे धरली. "कान जाऊ द्या, नाना. दात हायत ना?" दात होते, बत्तीस नसले तरी पुष्कळ होते, आणि नानांना त्यांचा अभिमान होता. पण उष्टं ही गोष्ट नानांना जन्मात चालली नाही. स्वतःच्या नातवानं तोंड लावलेला पेला ते दोनदा विसळून घेतात. त्यांनी हात जोडले. चाचा हसले आणि पट्टी परत आपल्या दातांत धरली.

दिवाळीनंतर नानांचा उजवा कानही मिटत गेला. मी त्यांच्यासाठी नवी पट्टी शोधायला निघाले, तर भिवंडीभर प्लॅस्टिकच. चाचांनी प्लॅस्टिकची दातांत धरून बघितली आणि थुंकले. शेवटी एक लाकडी मिळाली, ती पापडासारखी पातळ. तिच्यातून नुसती गुणगुण यायची. नाना म्हणायचे, "येतंय की." खोटं बोलायचे. शेवटच्या वीस तबकड्या ऐकायच्या राहिल्या होत्या आणि त्या त्यांनी पाकिटातून काढणं सोडून दिलं.

चाचा थंडीत गेले. झोपेतच. दुकानाचं दार ओढलेलं बघून मला वाटलं, कुणाच्या तरी घरी गेले असतील. चहावाल्यानं सांगितलं.

पंधरा दिवसांनी त्यांचा मुलगा घरी आला. रुमालात गुंडाळलेली ती पट्टी त्यानं नानांच्या हातात दिली आणि मला म्हणाला, "अब्बांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ही नानांना द्यायची." तो शुक्रवार होता. तो गेल्यावर नानांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. खाल्लेल्या दोन इंचांवर दातांचे खड्डे स्पष्ट दिसत होते. मी म्हटलं, धुऊन आणू का? खाणाखुणांनीही विचारलं. त्यांनी पट्टी माझ्यापासून लांब धरली.

मग उठले, राहिलेल्यांतली पहिली तबकडी लावली आणि खुर्ची ओढून स्पीकरच्या खोक्याला पट्टी टेकवली. दुसरं टोक तसंच तोंडात घेतलं आणि चाचांच्या दातांच्या खुणांत आपले दात बसवले. डोळे मिटले. थोड्या वेळानं उजव्या हाताचं बोट वर गेलं.

तबकडीची एक बाजू संपली, दुसरी संपली. ताटं वाढलेली होती, आमटी निवत होती. मी त्यांच्या खांद्याला हात लावून जेवणाची खूण केली. नानांनी पट्टी तोंडातून काढली, पुढची तबकडी उचलली आणि म्हणाले, "घाई असेल तर तू जेवून घे."