सुट्ट्या लडी

बारामतीतल्या आमच्या फुलांच्या दुकानाची पाटी मीच रंगवलीय. पाटीवर नवरी आहे. तोंडावर मोगऱ्याचा सेहरा, आणि दोन बोटांनी लडी बाजूला सारून ती बघतेय. डोळे माझ्या धाकट्या बहिणीचे. गिऱ्हाईक विचारतं, नवरी एवढी आगाऊ कशी? मी म्हणते, सेहरा उघडण्यासाठीच असतो, नाहीतर लडी सुट्ट्या कशाला सोडल्या असत्या!

बहिणीचं लग्न ठरलं, नवऱ्याकडच्यांच्या हट्टानं इंदापुरातच. आदल्या दिवशी आम्ही तिचा सेहरा ओवत होतो, तेवढ्यात नवरदेवाच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. "लडी सुट्ट्या ठिवू नगा. आडव्या गाठी मारून जाळी करा. नवरीनं सारखं हात घालून बघितल्यालं आमच्यात चालत न्हाय."

अम्मीच्या हातातली सुई थांबली. फुलांची जाळी आम्ही एकाच कामासाठी करतो, कबरीवरच्या चादरीसाठी.

"कसलं घर हाय हे?" मी विचारलं.

"फुलंच हायत ती," अब्बा म्हणाले, माझ्याकडं न बघता. अम्मी पुटपुटली, "मन चिंती ते वैरी न चिंती," आणि गाठी मारू लागली. मला दोघांचाही राग आला. बहीण दारात उभी राहून सगळं ऐकत होती. कालवणात मीठ कमी पडलं तरी बोलणारी पोरगी, पण त्या दिवशी गप्प. मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी हॉलवर बायकांच्या खोलीत तिला बसवलं. दुकानातली सुई-दोऱ्याची पिशवी घेऊन मी शेजारी बसले. नणंदेनं स्वतः जाळी तिच्या डोक्यावरून सोडली आणि टाचण्यांनी कपड्याला पक्की केली. "आता कशी शोभतीया," म्हणाली. बहिणीचे फक्त मेंदीचे हात दिसत होते, मांडीवर पालथे पडलेले. असलं चित्र मी कधीच काढलं नसतं.

निकाहाआधी तिचा होकार विचारायला वडीलधारे साक्षीदारांना घेऊन दारात आले. त्यांनी विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं.

"लाजतीया," नणंद हसली. "गप बसली म्हंजी व्हयच की."

साक्षीदारांनी एकमेकांकडं बघितलं. एकानं मान डोलावली आणि ते माघारी वळायला लागले.

तेवढ्यात मांडीवरचा एक हात उताणा झाला आणि माझ्यापुढं आला.

"आपा," जाळीच्या आतून आवाज आला, "पिशवीत कात्री हाय का?"