चिखलीच्या दुकानाची वाटणी

आमच्या पुस्तकवाल्यांत एक रीत आहे. कुणाचं दुकान कायमचं बंद होणार असेल, तर बाकीच्यांनी जायचं आणि तिथली पुस्तकं आपसात वाटून घ्यायची. घरच्यांना जमेल तेवढी किंमत द्यायची, पण एकही पुस्तक रद्दीत जाऊ द्यायचं नाही. या रीतीचा आम्हाला कोण अभिमान!

चिखलीचे आमचे दुकानदार वारले, तेव्हा तेरवी झाल्यावर आम्ही तिघं तिथं गेलो. मी खामगावहून, एक म्हातारे दुकानदार जळगाव जामोदहून आणि एक मेहकरचे. वारलेल्यांच्या मुलाला तिथं मोबाईलचं दुकान टाकायचं होतं. त्यात त्याचं तरी काय चुकलं? स्पर्धा परीक्षेची गाइडं सोडली, तर पुस्तकं घेतं कोण आता?

दुकानात कामाला एक बाई होती, लग्नाआधीपासून तिथंच. तिनंच शटर उघडलं, तिनंच कपाटं रिकामी करून दिली. कोणती पुस्तकं कुणाकडं खपतील यावर आमची हुज्जत चालली होती. चौदा एप्रिलला जयंतीच्या स्टॉलवर हातोहात जाणारी पुस्तकं तिघांनाही हवी होती, आणि मी काही मागं हटणारी नव्हे. बाई मुकाट्यानं सुतळी कापून देत होती.

शेवटचा गठ्ठा बांधून झाल्यावर ती म्हातार्‍यांना म्हणाली, "पुस्तकं त वाटून घेतली, भाऊ. आता मले कोन्या गठ्ठ्यात बांधता?"

माझा असा संताप झाला! तिच्यावर नाही, आमच्यावरच. पुस्तकाची रद्दी होऊ नये म्हणून एस.टी.चे धक्के खात आलेली आम्ही शहाणी माणसं, आणि समोर उभं असलेलं जितंजागतं माणूस कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

जळगावचे म्हातारे एरवी चमडी जाय पर दमडी न जाय. पण त्यांनीच आधी आपला गठ्ठा सोडला आणि पुस्तकं परत कपाटात लावायला घेतली. मग मेहकरवाल्यांनी सोडला. मग मी.

दुपारून मुलगा आला. पुस्तकं इथंच राहतील, भाडं आम्ही तिघं मिळून देऊ, असं म्हातार्‍यांनी त्याला समजावलं. मग मोबाईलच्या दुकानाचं काय, म्हणून तो आधी अडून बसला. शेवटी कबूल झाला, पण दुकान चालवणार कोण, असं त्यानं विचारलं. आजवर जी चालवत आली तीच, असं मी जरा चढ्या आवाजातच म्हणाले.

झालं, मार्गी लागलं, असं वाटून मेहकरवाले एस.टी.साठी उठले. तेवढ्यात बाई माझ्याकडं वळली.

"दुकान मी पाहीन, ताई. पन तुम्ही लोक येत जा. मालक गेले तवापासून इथं माह्यासंग कोनी बोललंच नाही."

सकाळपासून आम्ही तरी कुठं बोललो होतो? मेहकरवाले परत खाली बसले.