शिवणमावशींचा चारचा तास

शिवणमावशींच्या घरात मशिनं दोन होती. एक शिवणाचं, आणि दुसरं नुकतंच रिटायर होऊन घरी आलेलं. पहिलं पाय उचलला की थांबायचं. दुसऱ्याला थांबवायची कळ कुठे असते, ते मावशींना इतक्या वर्षांच्या संसारात सापडलं नव्हतं.

मावशींचे यजमान बसमध्ये तिकीट तपासनीस होते. गल्लीत त्यांना सगळे तपासनीसच म्हणायचे. भरल्या बसमध्ये शिरायचं, माणसं चेपत पुढे सरकायचं आणि ‘तिकीट?’ म्हणून हात पुढे करायचा, यात त्यांचं आयुष्य गेलं. आता बस निघून गेली होती आणि हात तेवढा पुढे राहिला होता. सकाळी उठल्याबरोबर ते दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचायचे. मग गॅसवरची झाकणं उचलून बघायची. आणि दुपारी, मावशी शाळेचे गणवेश शिवायला बसल्या, की मशीनच्या मागे येऊन उभं राहायचं. इतकं जवळ, की त्यांच्या कपातल्या चहाची वाफ मावशींच्या मानेला लागायची.

“अगं, ही बाही जरा वर गेल्यासारखी वाटते.”

“तो खिसा आहे.”

“तेच म्हणतो. खिसा वर गेलाय.”

दिवसाढवळ्या दिवा कशाला, म्हणून एकदा त्यांनी बटण बंद केलं. “काळं कापड आहे, अहो! तुम्हीच ओवा सुई अंधारात,” मावशी फणकारल्या. तपासनीस खरोखरच ओवायला बसले. सुई ओवली गेली तोवर मावशींची दुपार गेली होती.

तेव्हा मावशींनी गुपचूप एक गोष्ट केली. गल्लीच्या टोकाला, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर इंग्रजीचा वर्ग चालायचा, त्यात नाव घातलं. रोज दुपारी चारचा तास. विचारणाऱ्याला सांगायच्या, परदेशातल्या नातीशी बोलायला शिकतेय. आता ती नात अजून रांगत होती आणि तिला कुठलीच भाषा येत नव्हती, पण एवढ्या खोलात कोण शिरतो? मावशींना इंग्रजीही आवडायला लागलं होतं, ते वेगळं. पण खरी गोडी त्या जिन्याची. जिना चढताना मागून कुणी ‘अगं’ म्हणत नव्हतं.

आणि एक दिवस मावशी चपला घालताहेत, तर शेजारी दुसऱ्या चपला.

“थांब, मीही आलो. मी पण नाव घातलंय.”

“तुम्ही? कशाला?”

“तू एकटी जातेस रोज. बरं दिसत नाही.”

वर्गात तपासनीस अगदी खेटून बसले. मावशींच्या वहीत डोकावले. वर्गात येणारा गल्लीतला न्हावी उशिरा आला, तर शिकवणाऱ्या बाईंच्या आधी हेच म्हणाले, “ही गाडी चारला सुटते!” वर्ग हसला. मावशी फळ्याकडे बघत राहिल्या. एवढा एक तास होता, तोही गेला.

त्याच आठवड्यात इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘ब्रीदिंग स्पेस’. बाई वयाने लहान, पण आवाज खणखणीत. म्हणाल्या, “दोन कामांच्या मध्ये जी उसंत मिळते, ती ही. दोन माणसांच्या मध्ये हात हलवण्यापुरती जागा असते, ती पण हीच. प्रत्येकाने वाक्य करायचं. आधी आपल्या भाषेत, मग इंग्रजीत. आणि वाक्य खरं हवं हं, पुस्तकातलं नको.”

पहिल्या उठल्या औषधाच्या दुकानदाराच्या सासूबाई. या जावयाकडे राहायच्या, आणि गल्लीतली एकही बातमी त्यांना वळसा घालून पुढे जात नसे. “माझ्या लेकीला ब्रीदिंग स्पेस हवी म्हणते,” त्या म्हणाल्या, “पण स्वयंपाकघर लहान आहे, त्याला मी काय करू?”

“तुम्ही बाहेर बसा,” न्हावी म्हणाला.

“तू गप. तुझं वाक्य आलं की बोल.”

मावशींचं वाक्य तयार होतं. माझा नवरा चांगला आहे, पण मला ब्रीदिंग स्पेस हवी. रात्रभर घोळवलेलं नव्हे, आत्ताच फळा बघून सुचलेलं, म्हणून तर जास्तच गरम. होऊ दे गल्लीभर, त्या मनात म्हणाल्या. पण बाईंनी आधी तपासनीसांकडे बोट केलं.

तपासनीस उभे राहिले. सवयीने पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरली, जणू बाक आता वळण घेणार होता.

“बसमध्ये ब्रीदिंग स्पेस अजिबात नसायची,” ते म्हणाले, “पण कुठे उभं राहायचं ते मला माहीत होतं. घरात आता जागाच जागा आहे. आणि कुठे उभं राहायचं, तेच कळत नाही.”

न्हावी हसायला लागला आणि मध्येच थांबला. बाईंनी इंग्रजी शब्द पुरवले, तपासनीसांनी ते एकेक करून म्हटले आणि घाम पुसत खाली बसले.

मावशींनी आपलं गरम वाक्य मनातल्या मनात पुसून टाकलं. “पुढे?” बाईंनी विचारलं.

“सदऱ्याला काखेत मोकळीक ठेवली नाही तर हात वर होत नाही,” मावशी हळूच म्हणाल्या. “फार ठेवली तर माणूस सदऱ्यात हरवतो. इंग्रजीत उद्या सांगते.”

घरी आल्यावर त्या दारातच थांबल्या आणि पहिल्यांदाच खोली नीट बघितली. खुर्चीवर कापलेल्या बाह्यांचा ढीग. पलंगावर कुणाचे तरी पडदे. खिडकीशी कापडी पुतळा, आणि तो मात्र हातपाय नसूनही ऐसपैस. घरात एका माणसाला उभं राहायला खरोखर मशीनच्या मागचीच जागा उरली होती.

“अहो, जरा पुतळा धरा.”

पुतळा कपाटामागे गेला, ढीग पेटीत गेला. खुर्ची खिडकीशी आली. मग मावशींनी कापडावर खुणा करायचा खडू घेतला, पदर खोचला आणि मशीनभोवती जमिनीवर एक रेघ ओढली.

“रेघेच्या आत मी. बाहेर तुम्ही. खुर्ची तुमची, खिडकी तुमची, खालचा थांबा आणि उशिरा येणाऱ्या सगळ्या बसगाड्या तुमच्या.”

तपासनीसांनी खिडकीतून खाली वाकून बघितलं. एक बस थांब्याच्या पुढे जाऊन थांबली होती. त्यांचा चेहरा उजळला. “आणि आत यायचं झालं तर?”

“तिकीट काढून.”

दुसऱ्या दिवशी मावशींनी बाईंना गाठलं. सकाळच्या तासाला टवाळ पोरं येतात, उशिरा येतात, दारात शिस्तीचा माणूस असला तर बरं, असं बाईंच्याच तोंडून वदवून घेतलं. सकाळच्या तासाचं बोलावणं आलं, तेव्हा तपासनीस आढेवेढे घेत म्हणाले, “पण चारला तू एकटीच जाणार. बरं दिसत नाही.”

“दिसू दे.”

झालं. सकाळी तपासनीस वर्गात आणि घर मावशींचं. चारला मावशी वर्गात आणि घर तपासनीसांचं.

गल्लीत मात्र बातमी फिरली, की दोघांचं फाटलं. काल शेजारी बसायची, आज वेगळ्या वेळा! औषधवाल्यांच्या सासूबाईंना अन्न गोड लागेना. शेवटी उसवलेला उशीचा अभ्रा शोधून, किंवा खरं तर मुद्दाम उसवून, त्या थेट मावशींच्या घरी येऊन थडकल्या.

आत बघतात तर जमिनीवर रेघ. रेघेशी तपासनीस, हातात दोन कप.

“येऊ?”

“तिकीट?” मावशींनी मान न वळवता हात पुढे केला.

तपासनीसांनी कप सांभाळत वरच्या खिशातून कधीचं तरी जुनं तिकीट काढलं. मावशींनी उलटून पालटून पाहिलं, कात्रीने कोपरा कातरला आणि परत दिलं. “परतीचं आहे ना? चहा ठेवा आणि निघा.”

तपासनीस हसत हसत निघाले, खिडकीशी जाऊन बसले.

सासूबाई बराच वेळ त्या रेघेकडे बघत होत्या. अभ्रा त्या तिथेच विसरल्या. जाताना मात्र मावशींकडून खडूचा एक तुकडा मागून नेला.