गुरूला नीळ जास्त झाली

बत्तिशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण सव्वीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये बसून लोकांचे खोटे दात घडवणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? मालकांनी चेष्टेत ठेवलेलं नाव तिने इतकं मिरवलं, की पुढे इंटरनेटवर खातं उघडतानाही तेच टाकलं. तर ही बत्तिशी, वय वर्षं त्रेपन्न, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, थोरल्या बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहणारी. जिभेला अशी धार, की मालकसुद्धा तिच्याशी जपून बोलत. आणि भ्यायची ती फक्त एका गोष्टीला. आंधळं होण्याला.

भीती उगाच नव्हती. आईचे डोळे गेले होते. पंचावन्नाव्या वर्षी तिला सुईत दोरा ओवता येईना, साठीला दाराची कडी सापडेना, आणि शेवटची सहा वर्षं ती भिंतीला हात लावत घरभर फिरली. खिडकी उघडली की तेवढा उजेड तिला कळायचा, बाकी काही नाही. हात लागून लागून भिंतीवर कमरेच्या उंचीला एक काळपट पट्टा पडला होता. आई गेल्यावर ताईने त्यावर रंग दिला, तरी बत्तिशी तिथून अंग चोरूनच जायची. कुणी विचारलं की ताई सांगायची, "आमच्या घराण्यातच आहे ते." हे ऐकलं की बत्तिशी मनात हिशेब मांडायची. ताई साठीला आली तरी तिची नजर शाबूत होती. मग घराण्यात राहिलं कोण?

आता दात घडवणारी बाई गुरू ग्रहाच्या वाटेला कशी गेली तेही सांगायला हवं. गुरूभोवती एक यान फिरतंय, आणि त्यावरचा कॅमेरा जे टिपतो ते कच्चंच कुणालाही घ्यायला ठेवलेलं असतं. कच्चं म्हणजे अगदीच कच्चं. यान स्वतःभोवती गरगरत असतं, त्यामुळे चित्र येतं ते अरुंद पट्ट्यांनी, आणि पट्ट्याही सगळ्या करड्या, एक लाल काचेतून टिपलेली, एक हिरव्या, एक निळ्या. जगभरचे हौशी लोक त्या पट्ट्या जोडतात, वाकडं ते सरळ करतात आणि तीन करड्यांतून एक रंगीत गुरू उभा करतात. वर्तमानपत्रात असलं एक चित्र बघून बत्तिशी म्हणाली होती, "हे कुणी रंगवलंय? याच्यापेक्षा माझ्या नकली हिरड्या बऱ्या." आणि हट्टाला पेटून शिकली. रोज सकाळी कामाला जाण्याआधी एक तास, आणि रविवारी पार जेवणापर्यंत, ती गुरूपुढे. ताई म्हणायची, "त्या गुरूला एकदा जेवायला तरी बोलाव."

रंग ती डोळ्यांनी लावायची, हा तिचा खरा डौल. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यात लाल किती, हिरवा किती, निळा किती, याचे आकडे संगणक दाखवतो. बत्तिशीने ते कधी उघडून बघितले नव्हते. लॅबमध्येही तोच खाक्या. मालकांनी दाताची छटा मोजणारं यंत्र आणलं, तेव्हा तिने त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी घातली आणि म्हणाली, "आकडे बघून रंग लावायचा असेल तर कारकून ठेवा." मालकांनी हात टेकले. पिशवी तशीच राहिली.

एका रविवारी सकाळी तिने संगणकावरचा फडका उचलला. हा फडका म्हणजे आईच्या चादरीचा तुकडा. त्या चादरीचीही एक गंमत होती. नजर जायला लागली त्या दिवसांत आईला सगळे पांढरे कपडे पिवळट वाटायचे. म्हणून ती धुण्यात नीळ घालायची, आणि पुन्हा घालायची. बत्तिशीचा लॅबमधला पांढरा कोट असा निळा व्हायचा, की मालक विचारायचे, "रंगाऱ्याकडे पण नोकरी धरलीत की काय?" दोघी बहिणी आईला हसायच्या. पुढे तिला दिसेनासंच झालं तेव्हा नीळही थांबली आणि हसणंही. चादर मात्र ट्रंकेत राहिली होती. बत्तिशीने तिचा तुकडा काढून संगणकावर टाकला तेव्हा तो निळसर होता. आता नीळ उडून पांढरा झाला होता.

तर फडका उचलला आणि बघते तो ट्रामवाल्याचा निरोप. हा कुठल्याशा दूरच्या देशातला निवृत्त ट्राम-ड्रायव्हर, हाही गुरूच्या नादी लागलेला, तिच्या प्रत्येक चित्राचं कौतुक करणारा सज्जन माणूस. गुरूवर एक प्रचंड वादळ आहे, पिढ्यान् पिढ्या थांबलेलं नाही, दुर्बिणीतून ते तांबड्या डागासारखं दिसतं. बत्तिशीने चार वर्षांत केलेली त्या डागाची बारा चित्रं ट्रामवाल्याने एका ओळीत लावून पाठवली होती. खाली लिहिलं होतं, "तुमचा डाग आधी विटेसारखा होता, आता जांभळा झालाय. आजूबाजूचे पांढरे पट्टे निळे झालेत. मुद्दाम करता का? दिसतं छान, पण विचारावंसं वाटलं."

बत्तिशीने तिथल्या तिथे उत्तर ठोकलं, "तुमचा स्क्रीन तपासून घ्या." कारण तिला तर उलटंच दिसत होतं. जुनी चित्रं सगळी पिवळट, आणि शेवटचं तेवढं बरोबर. पण ओळीवरून तिची नजर हटेना. चार वर्षांपूर्वीचं ते पहिलं चित्र तिने महिनाभर खपून केलं होतं, आणि तेव्हा ते पिवळं मुळीच नव्हतं. हे तिला पक्कं आठवत होतं.

मग आयुष्यात पहिल्यांदा तिने आकडे उघडले. पहिल्या चित्रातल्या पांढऱ्या पट्ट्यावर तिन्ही आकडे जवळपास सारखे. बाराव्यात निळा कितीतरी पुढे. तिने मधली दहा बघितली, एकेक करून, ओळीने. निळा पायरी पायरीने चढत गेला होता आणि एकदाही खाली उतरला नव्हता.

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली, तिच्या खांद्यावरून डोकावली आणि सहज म्हणाली, "गुरूला नीळ जास्त झाली की गं."

म्हणाली आणि मग तिलाही आई आठवली. दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या. ताईने कप ठेवला आणि भाजी चिरायची आहे म्हणून आत निघून गेली. बत्तिशी खुर्चीत बसून राहिली. आता तिला सगळं कळलं होतं. ट्रामवाल्याचा स्क्रीन ठीक होता. आई धुण्याला करायची तेच ती गेली चार वर्षं गुरूला करत होती, आणि आईचं पुढे काय झालं ते तिने या डोळ्यांनी बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये गेली. खिडकीजवळच्या तिच्या टेबलावर एका शाळामास्तरणीचा समोरचा दात वाट बघत होता. समोरचा एकटा दात म्हणजे सगळ्यात कठीण काम. सगळेच नवे केले तर कुणाला पत्ता लागत नाही, पण एकटा केला की शेजारचे त्याची चहाडी करतात. दातांच्या डॉक्टरांनी फोटो पाठवला होता आणि मालक म्हणाले होते, "हा बत्तिशीबाईंशिवाय कुणाला द्यायचा नाही."

तिने नमुन्याच्या दातांची पट्टी काढली, सिरॅमिकची भुकटी कालवली, कुंचल्याने थर चढवले, भट्टीत भाजलं. दात नमुन्याशेजारी धरला. जुळला. आणि जुळला म्हणूनच तिचा त्यावर विश्वास बसेना. इतकी वर्षं दात परत का आले नाहीत, ते आत्ता तिच्या लक्षात आलं. इथे शेजारी धरायला नमुना असतो. नजर बिघडलेली असली तरी नमुना आणि दात दोन्ही सारखेच बिघडलेले दिसतात, म्हणून चूक लपते. गुरूच्या शेजारी काय धरणार? तिथे फक्त तिचा डोळा होता, म्हणून तिथे ती उघडी पडली.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तेव्हा तिने यंत्रावरची पिशवी काढली. चोरी करतेय असं वाटत होतं. यंत्राचं टोक दाताला लावलं, मग नमुन्याला. दोघांत फरक होता. थोडाच, पण शाळामास्तरणीने उन्हात हसावं आणि पोरांना कळावं इतका. बत्तिशीने तो दात खणात टाकला आणि यंत्राचे आकडे बघून दुसरा केला. कारकुनासारखा. मालक परत आले, दात उजेडात धरून म्हणाले, "वा." तिने खण ढकलून बंद केला.

असे तिने सोळा दिवस काढले. रस्ता ओलांडताना ती आता कुणाच्या तरी मागे राहायची. पायऱ्या मोजायला लागली होती, घरातून फाटकापर्यंत किती, लॅबच्या जिन्याला किती, म्हणजे पुढे उपयोगी पडतील. घरी कुणी नसताना एकदा डोळे मिटून स्वयंपाकघरात गेली, मिठाचा डबा सापडतो का बघायला. सापडला. परत येताना कळलं की तिचा हात भिंतीला होता, कमरेच्या उंचीला. ती तिथेच खाली बसली.

ताई आली तेव्हा ती बसलेलीच होती.

"ताई, माझे डोळे चाललेत," बत्तिशी म्हणाली. "तू पुन्हा तेच करू नकोस. आईपायी तुझी अकरा वर्षं गेली. माझी कुठेतरी सोय लाव."

ताईने कपाटातून पिशवी घेतली, चपला घातल्या आणि म्हणाली, "ऊठ."

"कुठे?"

"डोळे दाखवायला. ऊठ म्हटलं ना."

डोळ्यांच्या दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून बाकावर बसवतात आणि तासभर विसरून जातात. थेंबांनी समोरचं सगळं धूसर झालं. हे असंच असणार, बत्तिशीला वाटलं, याचीच सवय करायची. तिने ताईचा हात धरला. एवढ्या वर्षांत कधी धरला नव्हता.

डॉक्टरबाई तरुण होत्या. प्रकाशाचा झोत एका डोळ्यात, मग दुसऱ्यात.

"मोतीबिंदू आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत. भिंग चांगलंच पिवळं झालंय, आणि हळूहळू झालंय, म्हणून तुम्हाला कळलं नाही. ते काढायचं आणि नवं बसवायचं. अर्ध्या तासाचं काम."

"आणि मग दिसेल?"

"दिसेल की. मागचा पडदा ठणठणीत आहे तुमचा."

बत्तिशीला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही, कारण डॉक्टरबाई कागद भरता भरता पुढचं विचारत होत्या. "घरात आणखी कुणाला डोळ्यांचा त्रास?"

"आईचे डोळे गेले होते," ताई म्हणाली.

"कशाने?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"कुणी तपासलं होतं?"

"एकदा डोळे दाखवायची तारीख घेतली होती," ताई म्हणाली. "आई सुरीला भ्यायची, तरी कशीबशी तयार केली होती. त्या दिवशी पाहुणे आले. मग राहिलंच ते."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "शेवटी बाहुली कशी दिसायची, आठवतं?"

ताईने अकरा वर्षं आईचं तोंड पुसलं होतं. तिला न आठवून काय होतंय. "पांढरी," ती म्हणाली. "दुधासारखी."

डॉक्टरबाईंनी मान खाली घातली, कागदावर आईच्या रकान्यातही 'मोतीबिंदू' लिहिलं आणि ऑपरेशनची तारीख दिली. ताईने तो शब्द वाचला आणि पिशवी उचलली.

उजव्या डोळ्याचं काम झालं. डोळ्यावरची पट्टी निघाली त्या सकाळी बत्तिशी संगणकासमोर येऊन बसली. आपली चार वर्षांची चित्रं आता कशी दिसतात ते तिला बघायचं होतं. पण चित्रांपर्यंत ती पोचलीच नाही. हात फडक्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

फडका निळा होता. चांगला निळा, आईने कालच वाळत घातल्यासारखा. तिने उजवा डोळा मिटला आणि फडका पांढरा झाला. डावा मिटला, पुन्हा निळा.

"ताई, हा फडका तू धुतलास? नीळ घातलीस?"

ताई दारात उभी होती. "नाही. तो पहिल्यापासून असाच आहे."

"मी तर तुला दोनदा म्हटलं होतं, बघ कसा पांढरा झालाय. तेव्हा बोलली का नाहीस?"

ताई चौकटीला टेकली. "भ्यायले," ती म्हणाली. "आईपण पांढराच म्हणायची. मला वाटलं, मी बोलले नाही तर तुला नाही होणार."

बत्तिशीने फडका उचलला आणि घडी घालत राहिली, अर्धी, पाव, आणखी बारीक, घडी बसेना तेव्हा मांडीवर दाबून धरला. आई या चादरीकडे डोळे ताणून बघायची आणि आपण दोघी तोंडाला पदर लावून हसायचो, ते तिला लख्ख दिसत होतं. नवं भिंग त्याला लागत नव्हतं.

मग तिने विचारलं, "दुसऱ्या डोळ्याची तारीख कधीची आहे?"

"पुढच्या महिन्याच्या चारची." ताईने डोळे पुसले. "त्या दिवशी कुणीही येऊ दे. दाराला कुलूप घालून जायचं."