शून्य किलोचं बाळ

परवा लेकीच्या लॅपटॉपवर आकड्यांचा तक्ता पाहिला. मधल्या काही घरांत ‘एनए’ लिहिलेलं.

“म्हणजे माहीत नाही, आई. सरासरी काढताना हे वगळायचं,” ती म्हणाली, आणि मला ऐंशीच्या दशकातली पवईच्या संगणक केंद्रातली एक दुपार आठवली.

कोऱ्या पंचकार्डांचा पुठ्ठ्याचा वास, त्यांवर भोकं पाडून आकडे नोंदवणाऱ्या यंत्राची खडखड. गावाहून येऊन हंगामी नोकरीला लागल्याचा माझा तिसरा आठवडा. गोवंडीतल्या बाळांच्या वजनांची सरासरी मी फोर्ट्रान या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहून काढली होती. आमच्या प्रमुख कामतबाईंनी छापून आलेला कागद पाहिला आणि एका शून्यावर बोट ठेवलं.

“काय गं, शून्य किलोचं बाळ पाहिलंयस कधी?”

काही बाळं झोपलेली, म्हणून त्यांचं वजन झालंच नव्हतं. ती जागा मी कार्डावर कोरी ठेवली आणि फोर्ट्रानने ती शून्य वाचली. कोऱ्या जागांचं काय करायचं, हे विचारायची मला लाज वाटली होती. आता नोकरी गेली, असंच वाटलं.

बाईंनी खुर्ची ओढली आणि कार्डांचा अर्धा गठ्ठा स्वतःपुढे घेतला.

“तिथे नव्याण्णव पंच कर, तेवढं वजन कुठल्याच बाळाचं नसतं, आणि प्रोग्रॅमला सांग, नव्याण्णव दिसलं की सोड. अन् तुला काही कळलं नाही ना, तर गप्प बसू नकोस. मी काय यंत्र आहे, माहीत नाही म्हटलं की तुला शून्य धरायला?”